एल्मालीचा निधी आणि 'जुना संग्रह'

म्युनिकला दर मार्चमध्ये नाण्यांचा मोठा बाजार भरतो. दोन वर्षांपूर्वी तिथे एका वयस्कर विक्रेत्याने माझ्यापुढे मखमलीचा ट्रे सरकवला. ट्रेमध्ये अथेन्सची नऊ घुबडं. चार ड्राख्मांची (ड्राख्मा म्हणजे प्राचीन ग्रीकांचं चलन) चांदीची नाणी, प्रत्येक साधारण १७ ग्रॅमचं, म्हणजे दीड तोळ्याला किंचित कमी. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी, दुसऱ्या बाजूला आपल्याकडे डोळे वटारून बघणारं घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि 'अथे' ही तीन ग्रीक अक्षरं. मी विचारलं, "कुठून आली?"

"जुन्या संग्रहातून."

खरोखर जुन्या संग्रहातली नाणी अशी दिसत नाहीत. पन्नास वर्षं लाकडी खणात पडलेल्या चांदीवर हळूहळू निळसर, तपकिरी झाक चढते, आणि प्रत्येक नाण्यावर वेगळी. इथे नऊही नाण्यांचा रंग एकच, आणि घुबडाच्या पिसांच्या खाचांत तीच पिवळट माती. नऊ जणांच्या नखांत एकच माती असेल तर नऊही जण एकाच शेतातून आलेले असतात. मी ट्रे परत केला आणि कॉफी घ्यायला गेलो. कॉफी पिताना डोक्यात एल्माली होतं, म्हणजे तुर्कस्तानात सापडलेल्या, जमिनीत पुरलेल्या नाण्यांच्या एका निधीचं प्रकरण. ग्रीक नाणी जमवायला लागलेल्या प्रत्येकाला मी ते प्रकरण सांगतो. बहुतेकांना त्यातली रक्कम तेवढी लक्षात राहते. माझ्या मते रक्कम हा त्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे.

काय सापडलं

एल्माली हे तुर्कस्तानच्या दक्षिणेला, अंताल्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ पठारावरचं गाव. 'एल्मा' म्हणजे सफरचंद; तिथल्या बागांवरून पडलेलं नाव. प्राचीन काळी हा मुलूख लिकियाचा. एप्रिल १९८४ मध्ये एल्मालीजवळच्या बायंदिर गावाच्या शिवारात तिघा जणांना मेटल डिटेक्टरने चांदीची सुमारे १,९०० नाणी सापडली. त्यांत लिकियाच्या स्थानिक राजांची नाणी भरपूर होती, थ्रेस-मॅसेडोनियाकडच्या टोळ्यांची आणि शहरांची मोठी जड नाणी होती, अथेन्सची घुबडं होती. आणि चौदा डेकाड्राख्म होते.

डेकाड्राख्म म्हणजे दहा ड्राख्मांचं एक नाणं. ('ड्राख्मा' आपल्याला परका नाही. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत येणारा 'द्रम्म' तोच, आणि 'दाम करी काम' मधला दामही त्याच घरचा.) वजन साधारण ४३ ग्रॅम, साडेतीन तोळ्यांच्या वर. हातात घेतलं तर आधी बोटांना त्याची जाडी जाणवते. दर्शनी बाजूला तीच अथीना, शिरस्त्राणावर ऑलिव्हची पानं. मागच्या बाजूचं घुबड मात्र वेगळं. नेहमीच्या नाण्यावर ते कडेने उभं असतं आणि फक्त मान आपल्याकडे वळवतं. इथे ते पूर्ण समोर उभं आहे, दोन्ही पंख पसरून. पंखांचं एक-एक पीस ठसा कोरणाऱ्याने स्वतंत्र ओढलेलं. छोट्या नाण्यावरचं घुबड पाळीव वाटतं, हे मात्र अंगावर येतं.

१९८४ पर्यंत अथेन्सचे असे डेकाड्राख्म जगभरात तेराच माहीत होते. एका खड्ड्यातून चौदा निघाले. 'शतकातला निधी' हे नाव या सापडीला त्यामुळेच चिकटलं.

खड्ड्यातून बोस्टनपर्यंत

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण अशा प्रवासांची वाट ठरलेली असते. सापडणाऱ्यांकडून दलालाकडे, तिथून सीमेपार, आणि मग म्युनिक. हो, मी ज्या शहरात राहतो तेच. त्या काळात भूमध्य समुद्राभोवतालच्या नाण्यांचा मोठा व्यापार इथून चाले. तिथून निधीचा बहुतेक भाग अमेरिकेतल्या 'ओकेएस पार्टनर्स' या भागीदारीने घेतला. मुख्य भांडवल उद्योगपती विल्यम कोच यांचं. बाकीचे दोघे भागीदार नाण्यांचे जाणकार होते.

ही मंडळी नाणी वितळवणारी नव्हती. निधीचा अभ्यास झाला, आणि १९८७ मध्ये ऑक्सफर्डहून निघालेल्या एका निबंधसंग्रहात 'डेकाड्राख्म निधी' म्हणून त्याची शास्त्रीय ओळखही छापून आली. म्हणजे विद्वानांच्या जगात निधी उघडपणे वावरत होता, फक्त तो कुठल्या शेतातून आला हा प्रश्न सगळे शिष्टाचाराने टाळत होते. तो प्रश्न १९८८ मध्ये तुर्की पत्रकार ओझगेन अजार आणि त्यांच्या सहकाऱ्याने एका अमेरिकन मासिकात चव्हाट्यावर आणला. १९८९ मध्ये तुर्कस्तान सरकारने बोस्टनच्या संघीय न्यायालयात दावा लावला.

दावा समजून घेण्यासारखा आहे, कारण तेच तत्त्व आज प्रत्येक संग्राहकाच्या मानेवर आहे. एखादी वस्तू दुसऱ्या देशाचा निर्यातबंदीचा कायदा मोडून बाहेर आली, एवढ्यावरून अमेरिकन न्यायालय ती सहसा परत द्यायला लावत नाही. तो कायदा त्या देशाचा, राबवायचा त्यानेच. पण वस्तू मुळात त्या देशाच्या मालकीची असेल तर ती 'तस्करीची' न राहता 'चोरीची' होते. आणि चोराकडे मालकी नव्हतीच, तर तो पुढच्याला काय विकणार? पुढच्याने कितीही सरळ मनाने, कितीही पैसे मोजून घेतली तरी तेच. तुर्कस्तानात जमिनीतून निघालेली प्राचीन वस्तू सरकारची, हे ऑटोमन काळातल्या १९०६ च्या कायद्याने ठरलेलं होतं आणि १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याने पुन्हा पक्कं केलं होतं. निधी सापडला १९८४ मध्ये. भागीदारांचं म्हणणं की आम्ही सद्‍हेतूने खरेदी केली.

१९९२ मध्ये न्यायालयाने दावा सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला. मग वर्षानुवर्षं कागद. शेवटी निकालाआधी तडजोड झाली आणि मार्च १९९९ मध्ये १,६६१ नाणी तुर्कस्तानला परत गेली.

१,९०० आणि १,६६१

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सगळ्या प्रकरणात मला खटकतो तो हा फरक.

नाणेनिधी म्हणजे नुसती बरीच नाणी नव्हेत. कुणीतरी एका दिवशी, एका कारणाने ती एकत्र पुरली. त्यामुळे त्यात जी नाणी आहेत ती बोलतात, आणि जी नाहीत तीही बोलतात. निधीतलं सगळ्यात नवं नाणं सांगतं की पुरण्याचा दिवस याच्या आधीचा नाही. आणि अमुक एका गावाचं नंतरचं, एरवी ढिगाने मिळणारं नाणं त्यात अजिबात नसेल, तर पुरण्याचा दिवस त्याच्या आधीचा असावा असा अंदाज बांधता येतो. पण हा दुसरा अंदाज एका अटीवर चालतो: निधी पुरा हातात असला पाहिजे. मधेच कुणी शंभर-दोनशे नाणी वेगळी काढून विकली असतील, तर 'नाही' या शब्दाला काही किंमत उरत नाही. नाणं मुळातच नव्हतं, की आधीच्या दलालाने ते खिशात टाकलं?

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते अथेन्सच्या इतिहासात आहे. इसवी सनपूर्व ४८३ च्या सुमारास अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींत चांदीची मोठी शीर लागली. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलंय की ही चांदी नागरिकांना माणशी दहा ड्राख्मा वाटून टाकायचं चाललं होतं. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने त्याऐवजी जहाजं बांधायला लावली. तीन वर्षांत सालामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमार फुटलं, ते त्या जहाजांच्या जोरावर. आता दहा ड्राख्मांचा उल्लेख आणि दहा ड्राख्मांचं नाणं हे दोन्ही समोर आल्यावर अभ्यासकांना मोह होणारच. काहींनी डेकाड्राख्म या वाटपाशी जोडले, काहींनी इसवी सनपूर्व ४९० च्या, इराण्यांवरच्या मॅरेथॉनच्या विजयाशी. विजयाचं स्मारक म्हणून पाडलेलं भव्य नाणं, अशी गोष्ट सांगायला छान वाटते.

एल्मालीच्या निधीने या गोष्टीला धक्का दिला. त्यातली बाकीची नाणी बघता हा निधी इसवी सनपूर्व ४६० च्या दशकात पुरला गेला, असं अभ्यासकांचं मत पडलं. आणि त्या काळात, तेही लिकियात, अथेन्सचे चौदा डेकाड्राख्म एकत्र. विसेक वर्षं जुनी, घरोघर जपून ठेवलेली स्मारकनाणी अशी ढिगाने परमुलखात फिरत नाहीत. हे ताजे, चालू पैसे वाटतात. त्यामुळे डेकाड्राख्मांचा काळ मॅरेथॉनपासून खाली सरकून ४६० च्या दशकाकडे आला, जिथे काही अभ्यासक त्यांना आधीच ठेवत होते.

त्या दशकात त्या किनाऱ्यावर काय घडत होतं? अथेन्सच्या पुढाकाराखाली डेलोसचा संघ उभा राहिला होता, इराणशी लढायला शहरांकडून वर्गणी गोळा होत होती. सेनापती किमोन आरमार घेऊन आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यावर आला. फासेलिस नावाचं बंदर त्याला दार उघडेना. प्लुटार्कने लिहिल्याप्रमाणे ते दहा टॅलंट भरायला आणि मोहिमेत यायला कबूल झालं, तेव्हा वेढा उठला. मग ४६६ च्या सुमारास युरीमेडॉन नदीच्या मुखाशी एकाच दिवसात समुद्रावरची आणि जमिनीवरची अशा दोन लढाया किमोनने मारल्या. थ्युसिडिडीजच्या हिशेबाने फिनिशियन ताफ्याची दोनशे जहाजं गेली. ती नदी आजच्या अंताल्याच्या पूर्वेला, एल्माली पश्चिमेला.

दहा टॅलंट म्हणजे किती, हे मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. एका टॅलंटचे सहा हजार ड्राख्मा, म्हणजे साठ हजार ड्राख्मा, म्हणजे अडीचशे किलोंहून जास्त चांदी. नेहमीच्या घुबडांत मोजायचं तर पंधरा हजार नाणी. डेकाड्राख्मांत मोजायचं तर सहा हजार. असल्या रकमा एका शहराकडून दुसऱ्याकडे, आरमाराकडून खलाशांकडे, लुटीतून सरदारांकडे जात होत्या, तेव्हा मोठं नाणं पाडायचं कारण स्मारकापेक्षा मोजणीची सोय हेच असावं असं मला वाटतं. हे माझं मत आहे, आणि नाणेशास्त्रातले सगळे ते मान्य करणार नाहीत.

पण एल्मालीचे ते चौदा डेकाड्राख्म कुणाचे होते? लिकियाच्या एखाद्या राजाच्या खजिन्यातले, पगार घेऊन परतणाऱ्या सैनिकांचे, की संघाला भरायला गोळा केलेल्या वर्गणीचे? याचं उत्तर खड्ड्यात होतं. मडक्यात होती की पिशवीत, घराच्या जोत्याखाली होती की रस्त्याकडेला, शेजारी आणखी काय पडलेलं होतं. हे सगळं डिटेक्टर वाजल्यानंतर कुदळीच्या काही घावांत गेलं. पुढे मोजलेले लाखो डॉलर चांदीसाठी होते. खड्ड्याला कुणी पैसा दिला नाही, म्हणून तो कुणी जपलाही नाही.

नाशिककडचा एक निधी

इथे मला दर वेळी जोगलटेंभी आठवते. योगायोग असा की ऑटोमन सरकारने ज्या वर्षी कायदा केला त्याच १९०६ मध्ये नाशिकजवळ गोदावरी-दारणा संगमावरच्या या गावात चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. १३,२५० च्या आसपास नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या शक क्षत्रप नहपानाची. नहपानाच्या नाण्यावर त्याचं नाव ब्राह्मी आणि खरोष्ठीत आहेच, शिवाय ग्रीक अक्षरांतही आहे, ओबडधोबड वळणाची का होईना. महाराष्ट्राच्या मातीतून निघालेल्या नाण्यावर ग्रीक लिपी पाहायची असेल तर ती इथे आहे.

पण मी जोगलटेंभी काढली ती लिपीसाठी नाही, मोजणीसाठी. या नाण्यांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला आहे. एकीकडे नहपानाच्या चेहऱ्यावर चैत्याचं चिन्ह, दुसरीकडे उज्जयिनी चिन्ह, म्हणजे चार टोकांना वर्तुळं असलेला क्रॉस. उरलेली तशीच. एकाही तिसऱ्या राजाचं नाणं नाही. या 'नाही'वर इतिहास उभा राहिला: नहपानाला हरवणारा गौतमीपुत्रच, आणि दोघांच्या मधे कुणी नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरची सापड कलेक्टरला कळवणं सक्तीचं होतं, आजही आहे. निधी अभ्यासकांपुढे आला, मोजला गेला, १९०८ पर्यंत त्याचं वर्णन मुंबईत छापून झालं. समजा त्यातली दोन हजार नाणी आधीच बाजारात गेली असती आणि विकणाऱ्याने चांगल्या चेहऱ्याची, ठसा न मारलेली नाणी निवडून काढली असती, तर ते प्रमाण काय दिसलं असतं? विकणारा नेहमी चांगलीच आधी काढतो.

घुबडांकडे परत

एल्मालीनंतर बाजार बदलला, पण हळूहळू. अमेरिकेने आयातबंदीच्या करारांत प्राचीन नाणी घातली ती २००७ मध्ये सायप्रसपासून. २०११ मध्ये इटली आणि ग्रीस, २०२१ मध्ये तुर्कस्तान. संग्राहकांच्या सभांमध्ये यावर अजून कडाक्याची भांडणं होतात. विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मला पटतो: ग्रीक नाणी त्या काळीच भूमध्यभर फिरली, आणि आपल्या संग्रहातलं अथेन्सचं घुबड ग्रीसमध्ये निघालं, तुर्कस्तानात की इजिप्तमध्ये, हे नाण्याकडे बघून सांगता येत नाही. खरं आहे. म्हणूनच तर खड्डा हवा होता.

त्यातला एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. जानेवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात नाण्यांचा मेळा चालू असताना एका नामवंत डॉक्टर-संग्राहकाला अटक झाली. सिसिलीत अलीकडेच जमिनीतून निघालेली ग्रीक नाणी म्हणून तो ती विकू पाहत होता. नाणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि बनावट निघाली. माणूस आपण चोरीचा माल विकतोय अशा समजुतीत होता, आणि प्रत्यक्षात तोच फसला होता. त्याने गुन्हा कबूल केला. दंड झाला, ७० तास समाजसेवा झाली, आणि कुठून आलं हे न बघता नाणी घेण्याच्या धोक्यावर त्याला लेख लिहावा लागला.

माझ्या त्या ट्रेमधल्या घुबडांचं म्हणाल तर २०१७-१८ नंतर अशी नाणी युरोपच्या बाजारात इतकी उतरली की भाव पडले. नवशिक्याला वाटतं, वा, स्वस्त झाली. संध्याकाळी मी त्या टेबलावरून पुन्हा गेलो तेव्हा ट्रेमध्ये चार उरली होती.

मी त्या दिवशी घेतलं ते दुसऱ्याच टेबलावरचं एक झिजकं घुबड. अथीनाचं नाक जवळजवळ गेलेलं आणि कडेला छिन्नीचा खोल घाव. हा घाव प्राचीन काळातला आहे. चांदीच्या पत्र्याखाली तांबं तर नाही ना, हे बघायला व्यापारी असा घाव घालत. अथेन्सने तर इसवी सनपूर्व ३७५ मध्ये कायदाच केला होता की सरकारी पारखी बाजारात बसेल आणि आत तांबं किंवा शिसं निघालेलं नाणं तिथल्या तिथे कापेल. माझ्या नाण्याच्या घावात आत चांदीच आहे. देखण्या घुबडाच्या निम्म्या किमतीत मिळालं, कारण घाव असलेलं नाणं कुणाला नको असतं. नाण्यासोबत एक गोल, कडा पिवळ्या पडलेलं कागदी तिकीट होतं. त्यावर शाईने लिहिलेलं वजन, खाली एका लिलावाचं साल, १९६२, आणि लॉटचा क्रमांक. घरी येऊन मी त्या लिलावाची यादी शोधली. छायाचित्र लहान होतं आणि फिकट, पण घाव त्याच जागी होता.